आमची पुतणी खडक तपासते

कोणत्याही लग्नसमारंभात किंवा पर्युषणातील व्याख्यानानंतर मंडळी चहापाण्याला थांबली, की आमच्या पुतणीविषयी एक प्रश्न हमखास निघतो. "ती सध्या काय करते?" मी सांगतो, "खडक तपासते." आपल्या समाजात सराफीचा व्यवसाय करणारी घरे पुष्कळ, त्यामुळे एका काकूंनी "म्हणजे दागिन्यांतले खडे का?" असेही विचारले होते. प्रत्येकाला उभ्याउभ्या सगळे समजावून सांगणे शक्य होत नाही. त्यातच गेल्या वर्षभरात या प्रश्नाला आमच्या घरात एक वेगळे गांभीर्य आले. म्हणून वाचकांसमोर ते सविस्तर मांडावे असे वाटले. मी वाणिज्य शाखेचा माणूस. आयुष्य बँकेत गेले. तेव्हा येथे जे काही शास्त्र येईल ते तिच्याकडून ऐकलेले, वाचलेले आणि एकदा प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

आमचे घर बुधवार पेठेत, जुन्या वाड्यात. धाकट्या भावाचे तापकीर गल्लीत विजेच्या सामानाचे दुकान आहे. त्याची ही मुलगी लहानपणी शाळेतून परस्पर दुकानात येई आणि वायरच्या भेंडोळ्यांवर बसून अभ्यास करी. "ही वीज येते कुठून?" असे तिने विचारले, की भाऊ गिऱ्हाईक सांभाळत एका शब्दात उत्तर देई, "कोयनेहून." तिने पुढे स्थापत्य अभियांत्रिकी घेतली. पदव्युत्तर शिक्षणात खडकांचे यांत्रिकी शास्त्र निवडले आणि प्रकल्पासाठी खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत खेपा घातल्या. १९१६ साली सुरू झालेली ही संस्था आपल्या शहराच्या उशाशी आहे. पण पानशेतच्या सहलीला जाताना तिची पाटी वाचण्यापलीकडे पुणेकरांचा तिच्याशी संबंध येत नाही. आता पुतणी एका सल्लागार कंपनीत आहे. डोंगराच्या पोटात जलविद्युत केंद्र बांधायचे असेल, तर तेथील खडक त्या कामाला लायक आहे का, हे खडकाच्या जागेवर जाऊन मोजायचे, हे तिचे काम.

कोयनेचे नाव निघाले की मला १९६७ सालच्या ११ डिसेंबरची पहाट आठवते. मी सात वर्षांचा होतो. फडताळातली पितळी भांडी किणकिणू लागली आणि आजीने आम्हा मुलांना पांघरुणांसकट अंगणात ओढून आणले. कोयनानगरला त्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे गेली. धरणाच्या उंच भागाला भेगा पडल्या आणि नंतर त्या भागाला मागून आधार बांधून बळकट करावे लागले. धरणाच्या भेगांविषयी वडीलधाऱ्यांत पुष्कळ बोलले जाई. पण ज्या ठिकाणी वीज तयार होते ते केंद्र धरणापाशी नाही, सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला पोफळीजवळ डोंगराच्या आत आहे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

ते आत का, हेही सांगितले पाहिजे. कोयना नदी सह्याद्रीच्या माथ्याजवळून वाहते आणि पश्चिमेला कोकण एकदम खाली आहे. शिवसागर जलाशयाचे पाणी नवजाजवळून बोगद्याने पश्चिमेला वळवले, की ते पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळते. एवढ्या उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब दर चौरस सेंटीमीटरला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलो होतो. आपल्या घरच्या नळाला दोन-तीन किलो असला तरी आपण खूश असतो. कड्याच्या बाहेरच्या अंगाने नळ टाकायचे, तर तो उतार सरळसोट. त्यावर कोकणचा पाऊस आणि दरडी. त्यापेक्षा डोंगराच्या आत उभी किंवा तिरपी विहीर खणून पाणी खाली आणावे आणि तिच्या पायथ्याशी, डोंगरातच दालन कोरून यंत्रे बसवावीत, हा मार्ग निवडला गेला. १९६२ मध्ये तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे चौथ्या टप्प्यात अडीचशे मेगावॅटची चार यंत्रे अशाच भूमिगत दालनात बसली. त्या टप्प्यासाठी १९९९ साली जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन, शेवटी राहिलेला खडकाचा अडसर पाण्याखालीच सुरुंगाने उडवण्यात आला. २०१२ मध्ये तसाच प्रयोग पुन्हा झाला. तो अडसर किती जाड ठेवला म्हणजे वरच्या पाण्याचा भार पेलेल आणि किती पातळ ठेवला म्हणजे एका स्फोटात स्वच्छ उडेल, हे ठरवणाऱ्यांना झोप कशी लागली असेल, असा प्रश्न माझ्यासारख्या कारकुनी वृत्तीच्या माणसाला पडतो.

यंत्रांचे हे दालन म्हणजे छोटा बोगदा नव्हे. दहा-बारा मजली इमारत आडवी-उभी मावेल एवढी ती पोकळी असते आणि तिच्या डोक्यावर दोन-तीनशे मीटर डोंगर असतो. तीनशे मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे आठशे टन वजन येते. हा भार तुळया-खांब पेलत नाहीत. तो भोवतालच्या खडकालाच पेलावा लागतो. माणूस त्याला पोलादी सळ्यांनी टाचून आणि सिमेंटचा फवारा मारून केवळ मदत करतो. म्हणजे येथे खडक हेच बांधकामाचे साहित्य. आणि ते विटा-सिमेंटसारखे निवडून आणता येत नाही, जे आहे तेच घ्यावे लागते.

मग त्याचा एक तुकडा काढून प्रयोगशाळेत का तपासत नाहीत? मी तिला पहिला प्रश्न हाच विचारला होता. तसेही करतात. हिऱ्याच्या दातांच्या नळीने भोके पाडून खडकाचे लांब दंडगोल बाहेर काढतात, लाकडी पेट्यांत ओळीने मांडतात. दहा सेंटीमीटरहून मोठे तुकडे एकूण लांबीच्या किती टक्के निघाले, हे मोजले तरी खडकाच्या प्रकृतीचा अंदाज येतो. आपल्या दख्खनच्या काळ्या फत्तराचा निवडक तुकडा यंत्रात दाबला, तर तो दर चौरस सेंटीमीटरला हजार किलोंहून अधिक भार घेतो. आकडा पाहून कोणीही कर्ज मंजूर करील. पण यंत्रात गेला तो न फुटलेला तुकडा. जो भाग भेगाळलेला होता, त्याचा नळीतच चुरा झाला. त्याची परीक्षा झालीच नाही. डोंगर त्या दोन्ही भागांचा मिळून बनलेला असतो. शिवाय तुकडा बाहेर काढताक्षणी त्याच्यावरचा डोंगराचा भार उतरतो. "काका, बाहेर काढलेला खडक खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो," असे ती म्हणाली.

मला हे लगेच पटले, कारण माझी नोकरी त्याच जातीची होती. मालाच्या तारणावर कर्ज दिले की गोदाम तपासायला जावे लागे. एका ठिकाणी पोत्यांची थप्पी छतापर्यंत लावलेली होती, नोंदवही चोख होती, समोरच्या पोत्यातला नमुनाही उत्तम होता. मी शिपायाला शिडी आणायला सांगितले आणि थप्पीवर चढलो. आत पोकळी होती. चारही बाजूंनी एकेक रांग पोत्यांची आणि मध्ये काहीच नाही! मालक कोण, गाव कोणते, याला आता महत्त्व नाही. पण ताळेबंदाबरोबर गोदामही पाहावे, हे माझ्या अंगवळणी पडले ते तेव्हापासून.

आता गांभीर्याची गोष्ट. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, १२ तारखेला, ऐन दिवाळीच्या दिवशी पहाटे उत्तराखंडात सिलक्यारा येथील रस्त्याचा बोगदा ढासळला आणि एकेचाळीस कामगार आत अडकले. ते २८ तारखेला सुखरूप बाहेर आले. त्या सतरा दिवसांत आमच्या घरी दूरचित्रवाणी बंद झाली नाही. पुतणी त्या वेळी दुसऱ्याच राज्यात एका डोंगरात काम करत होती. भावजयीने त्या दिवसांत धड जेवण केले नाही. पुढे मुलीसाठी एक चांगले स्थळ आले. घराणे सुसंस्कृत, मुलगा सनदी लेखापाल. त्यांनी अतिशय सभ्य शब्दांत एवढेच विचारले की, लग्नानंतर तिला कार्यालयातले काम घेता येईल का? भावजयीच्या मनातलेच त्यांनी बोलून दाखवले होते. पुतणी म्हणाली, "कार्यालयात खडक नसतो." घरात दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी भावजय माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही आयुष्यभर लोकांची गोदामं तपासलीत. एकदा हिचंही पाहून या. मग तुम्ही म्हणाल तसं."

अशा रीतीने गेल्या फेब्रुवारीत, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, मी सह्याद्रीतील एका नियोजित केंद्राच्या शोधबोगद्यात शिरलो. प्रकल्पाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. सह्याद्रीत सध्या अशा जागांची मोठी पाहणी चालू आहे. दिवसा सौर वीज मुबलक असते तेव्हा खालचे पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी दिवे लागले की तेच खाली सोडून वीज घ्यायची, अशी ही योजना असते. घाटघरला अडीचशे मेगावॅटचे असे भूमिगत केंद्र २००८ पासून चालू आहे. २०२३ साली भिवपुरी आणि शिरवता येथील मिळून अठ्ठावीसशे मेगावॅटसाठी राज्य शासनाने टाटा पॉवर कंपनीशी करार केला आहे. आपल्या दृष्टीने ती पाण्याची मुदतठेवच म्हणा ना. फक्त परत मिळते ते ठेवल्यापेक्षा थोडे कमी, कारण पाणी वर चढवताना काही वीज खर्ची पडते.

शोधबोगदा म्हणजे मुख्य दालन खणण्याआधी, ते जेथे व्हायचे त्या जागेपर्यंत नेलेला अरुंद बोगदा. दोन माणसे शेजारी-शेजारी चालू शकतील एवढाच. डोक्यावर हेल्मेट, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, छतातून मानेवर नेमके पडणारे थेंब. पुतणी पुढे चालत भिंतीवर विजेरी फिरवत होती. काळा, घट्ट फत्तर होता तेथे उभ्या-आडव्या भेगा होत्या आणि त्यांतून पाणी झिरपत होते. पुढे पांढऱ्या ठिपक्यांचा खडक लागला. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांत मागाहून खनिजे भरून झालेले ते ठिपके. हा दिसायला मऊ. पण त्याला भेगा कमी, म्हणून तो कोरडा होता. मी तर काळ्याकुट्ट फत्तरालाच अव्वल समजत होतो! दोन थरांच्या मध्ये वीतभर जाडीचा तांबडा पट्टा होता. त्यावर तिने बोट फिरवले तर माती हाताला आली. "हा उघडा पडला की हवापाण्याने सुटायला लागतो. दालनाच्या छतात हा येता कामा नये." सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक वाहिले, त्यांच्या मधल्या उसंतीत हा साचला. वेरूळला इंद्रसभा आणि कैलास ज्यांनी कोरले त्यांच्याही छिन्नीखाली हाच दख्खनचा पाषाण होता. तेही जागेवरच परीक्षा करत असणार, कारण त्यांना दुसरी सोय नव्हती.

बोगद्याच्या शेवटी चाचणी चालू होती. दोन समोरासमोरच्या भिंती घासून सपाट केलेल्या, त्यांच्यावर पोलादी तबकड्या आणि मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे जॅक. जॅक दोन्ही भिंतींना एकाच वेळी रेटतात. भार टप्प्याटप्प्याने वाढवायचा, थांबायचे, खडक किती आत गेला ते पाहायचे, भार काढायचा, खडक किती परत आला ते पाहायचे. अशा पाच फेऱ्या. आत गेलेले अंतर मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजतात. पहिल्या फेरीत खडक जेवढा दबतो तेवढा परत येत नाही, कारण भेगा मिटतात त्या मिटतात. किती परत आला, यावरून त्याचा खरा ताठरपणा कळतो. निवडक तुकड्यावरून काढलेल्या आकड्याच्या तो अनेकदा काही अंशच भरतो. पाण्याच्या उतरत्या विहिरीला आतून पोलादाचे अस्तर किती जाड लावायचे, हे या आकड्यावर ठरते. खडक ताठ असेल तर पाण्याच्या दाबाचा वाटा तो उचलतो आणि पोलाद कमी लागते. नसेल तर सगळा भार पोलादावर. येथे मला हिशेब चटकन समजला. पोलादाचे दर माहीत असलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी चाचणी मला सर्वांत आवडली. भिंतीत दोन खिळे पक्के बसवून त्यांतले अंतर अचूक मोजून ठेवतात. मग दोघांच्या मधोमध करवतीने एक अरुंद खाच कापतात. खडक दाबाखाली असतो, म्हणून खाच कापताच दोन्ही बाजू किंचित जवळ सरकतात. मग त्या खाचेत पोलादी पत्र्याची चपटी पिशवी घट्ट बसवायची, तिच्यात तेल भरत जायचे आणि खिळ्यांमधले अंतर पूर्वीइतके झाले की थांबायचे. त्या क्षणी तेलाचा जो दाब, तोच खडकात मुळात होता. मला नीट उमजेना तेव्हा पुतणी म्हणाली, "अप्पा बळवंत चौकातलं दुकान आठवा. गच्च भरलेल्या फळीतून एक पुस्तक ओढून काढलं की शेजारची दोन्ही त्या जागेत कलतात. ते पुन्हा आत घालायला किती जोर लागला, तेवढ्याच जोराने ती फळी भरलेली होती." पुणेकराला याहून सोपे कसे सांगणार!

याखेरीज खोल भोकाचा एक टप्पा दोन्ही बाजूंनी बंद करून, त्यात पाणी दाबून, खडक किती दाबाला फाटतो तेही पाहतात. पाण्याचा दाब खडकातल्या सर्वांत कमी दाबाहून जास्त झाला, तर पाणी भेगा रुंदावत डोंगरात शिरते. म्हणून पोलादी अस्तर कोठून सुरू करायचे, हे त्यावरून ठरवतात. आडव्या दिशांचा दाब सगळीकडे सारखा नसतो. तो कोणत्या दिशेने जास्त आहे आणि भेगा कोणत्या दिशेने धावतात, हे पाहून दालनाची लांब बाजू वळवून घेतात. कागदावर ती रेघ काही अंशांनी फिरते, एवढेच.

या तपासणीवर पैसे खर्च करायला मात्र सगळेच नाखूश असतात. दाखवायला त्यातून काहीच उभे राहत नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला मालपासे येथे एक पातळ, कमानदार धरण बांधले होते. पाणीपुरवठ्याचे काम, पैशाची ओढाताण, त्यामुळे पायाच्या खडकाची पाहणी बेताचीच झाली. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री डाव्या बाजूचा खडक सरकला आणि धरण गेले. चारशेहून अधिक माणसे मेली. धरणाच्या काँक्रीटमध्ये दोष नव्हता. त्यानंतरच्या वर्षांत या शास्त्राला जगभर जोर आला. १९६२ साली साल्झबर्गला त्याची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. कर्जप्रस्तावात "प्राथमिक तपासणी" या सदराखालचा आकडा कमी करा, असे सुचवणारे वरिष्ठ मीही पाहिले आहेत. एकूण खर्चाच्या मानाने तो आकडा किरकोळ असतो, आणि कात्री पहिल्यांदा त्यालाच लागते, हे मला कधीच कळले नाही.

आमच्या पेठेखालूनही मेट्रोचा बोगदा गेला आहे. स्थानकाला आधी बुधवार पेठेचेच नाव होते, आता ते कसबा पेठ झाले. काम चालू असताना आमच्या भिंतीवर छोट्या खुणा लावल्या होत्या आणि कोणीतरी मुलगा येऊन त्यांची मापे घेऊन जाई. त्याला चहा विचारावा हे सुचायचे, पण तो तेवढा थांबत नसे. २९ सप्टेंबर २०२४ ला गाडी सुरू झाली. वाडा आहे तेथे आहे.

बोगद्यात आणखी एक गोष्ट पाहिली, ती भावजयीला आवर्जून सांगितली. पुतणी सूर्यास्तानंतर जेवत नाही. बोगद्यात सूर्य कळत नाही, म्हणून तोंडाशी असलेला वयस्कर मुकादम रोज ऊन समोरच्या कड्यावर चढू लागले की आतल्या फोनवर तिला सांगतो, "ताई, वेळ झाली." तिचा कांदा-बटाटा नसलेला डबा त्याच्याच खोलीत असतो. त्याचे गाव, भाषा, धर्म यांतले काहीच आमच्याशी जुळत नाही. तिच्याबरोबरची माणसे आत जाण्याआधी छताकडे पाहतात, काठीने ठोकून आवाज ऐकतात, आत गेलेल्यांची नावे फळ्यावर लिहितात आणि बाहेर आल्यावर पुसतात. हे सारे मी भावजयीला जसेच्या तसे सांगितले. धोका नाही असे मी म्हटले नाही. ती म्हणाली, "फळ्यावर नाव लिहितात ना?" मी हो म्हटले. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून मेतकुटाची डाळ भाजायला घेतली.

स्थळाकडची मंडळी पुढच्या महिन्यात वाड्यावर आली. मुलाचे आजोबा ऐंशीच्या घरातले, त्यांचा धान्याचा व्यापार होता. मी गोदामाची गोष्ट सांगितली तेव्हा ते मोठ्याने हसले. मग पुतणीकडे वळून त्यांनी विचारले, "मग काय म्हणतो तुझा खडक?"

"अजून मोजतेय, आजोबा. पाचपैकी दोन फेऱ्या झाल्या आहेत."

लग्नाचे अद्याप ठरलेले नाही. परवा मुलाचा फोन आला होता. चाचणीच्या जागी पाहुण्यांना परवानगी मिळते का आणि रबरी बूट नऊ नंबरचे असतात का, असे तो विचारत होता.